वांबेंजरचं बाळंतपण

"चौदा महिने!" विनीताईंनी बोटं मोजून संपवली. "आपल्या क्लिफला पुरून चौदा महिने झाले, आणि पोर सहा आठवड्यांची. तुझी सून बाई आहे की उंटीण?"

क्लिफची बायको शार्लीन बाळाला छातीशी धरून पडवीच्या पायरीवर बसली होती. तिनं मान वर केली नाही. अंगणात हिरवा पाला रचून ठेवला होता. घराण्यातल्या वडील बाईनं त्याच्या धुरातून फिरवलं, की पोर या घरची. विनीताईंनी नाही म्हटलं, तर शार्लीननं संध्याकाळच्या बसनं माहेरी निघायचं, हे कुणी न बोलताच ठरलेलं होतं.

क्लिफची आई म्यूरिएल ही विनीताईंची धाकटी भावजय. तिनं चहाचा मग खाली ठेवला.

"विनीताई, शिडी चढवते का अजून तुम्हाला?"

"तुझ्याआधी चढेन!"

"मग चला. भांडण काही पळून जात नाही."

घरामागच्या वांडूच्या झाडाला लाकडी पेटी ठोकलेली होती. विनीताई कुरकुरत चढल्या आणि झाकण बोटभर उचलून आत डोकावल्या. मागोमाग बाळाला घेऊन शार्लीनही झाडाखाली आली.

आत काय आहे ते तिला माहीत होतं. परवाच ती डोकावली होती. मेंढीची लोकर, पोपटाची पिसं, आणि त्यांत लाल शेपूट गुंडाळून निजलेली खारीएवढी वांबेंजर. झाडावरून झाडावर झेपावून उंदरांची मानगूट फोडणारी शिकारीण ती. पोटाला दाण्याएवढी गुलाबी पिल्लं घट्ट चिकटलेली.

"आठ," विनीताई कुजबुजल्या. "आठच्या आठ जिवंत आहेत गं."

"आणि बाप?"

"ते जुलैत जुगले की लगेच मरतात. सगळे. एक उरत नाही. या मातीतल्या नूंगार बाईला हे शिकवतेस?"

"मग पुढचं शिका. वनखात्याची बाई सांगून गेली. मादी नराचं बीज पोटात राखून ठेवते. गर्भ धरतो, तेव्हा नर कधीच मातीत गेलेला असतो."

विनीताईंनी पुन्हा आत पाहिलं.

"क्लिफचंही तसंच," म्यूरिएल म्हणाली. "कॅन्सरची औषधं सुरू करायच्या आधी पर्थच्या डॉक्टरांनी राखून ठेवलं. बर्फात. त्यानं सही केली तेव्हा मी शेजारी होते. गेल्या नोव्हेंबरात हिला गाडीनं मीच नेलं."

शार्लीन बाळाच्या टाळूकडे बघत राहिली.

"मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का तुझं?" विनीताई उतरल्या. डोळे ओले झाले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत. "आण ती पोर. पाला पेटव."

धुरातून फिरताना त्यांनी झाडांना, खडकांना, सगळ्या मुलखाला ओरडून सांगितलं, "ऐका रे! आपल्या क्लिफची आहे ही!"

विनीताईंची गाडी वळणाआड गेली, तशी शार्लीन म्यूरिएलकडे वळली.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "पर्थला आम्ही काहीच ठेवलं नव्हतं."

"ठाऊक आहे," म्यूरिएल म्हणाली. "मानेखाली हात घाल पोरीच्या. माझी नात आहे ती."