एक्केचाळीस सत्कार

"फोटोतली प्रत्येक वस्तू नोंदवा, म्हणजे नंतर शोधता येते," प्रशिक्षक मॅडम म्हणाल्या. आम्ही वाचनालयातल्यांनी तीन दिवस खपून तीस वर्षांतल्या सत्कारांचे सगळे फोटो तसे संगणकावर नोंदवले.

समारोपाला मॅडमनी सहज 'जांभळी शाल' शोधायला लावलं. पडद्यावर एक्केचाळीस फोटो आले. पाहुणे वेगवेगळे, पण शाल एकच. काठावरचा चहाचा डागसुद्धा तोच.

"पाहुणेच खुर्चीवर विसरून जातात हो," सचिव धारपकाका पुटपुटले आणि नाइलाजाने पिशवीतून तीच शाल काढून त्यांनी मॅडमच्या खांद्यांवर घातली. बेचाळिसावा फोटो मी काढला, डागासकट.

मॅडम हसत हसत शाल पांघरूनच रिक्षात बसल्या. काका फाटकापर्यंत धावले.

"मॅडम, विसरलात!"

"काय?"

"शाल विसरायची!"