रियालचा भाव

बारामतीच्या एका पेढीवर दिग्विजय परदेशी नोटा बदलून द्यायचा. नव्या कॉम्प्युटरवर तारीख टाकली की त्या दिवसाचा भाव दिसायचा. शेळगावच्या सारजाला मात्र तो रियालचा दहाचा भाव नऊ सांगायचा आणि मधला रुपया खिशात घालायचा.

सौदीत मेंढरं राखणारा तिचा नवरा बिरू तिकडंच वारला. त्याच्या शेवटच्या नोटा घेऊन ती आली, तेव्हा दिग्विजयला तिच्याकडं बघवेना. आज खरं सांगायचं, त्यानं ठरवलं.

त्यानं आजची तारीख टाकली. पडद्यावर दहाऐवजी नऊ आले. कालची तारीख टाकली, तर कालच्या दहाचेही नऊ. न उजाडलेल्या उद्याचाही नऊ.

"दहा," तो घाईनं म्हणाला.

"नऊ. बरं."

"दहा, सारजाबाई! दहा!"

"व्हय साहेब, ऐकलं की."

शेजारच्या टेबलावरून योगिनीनं दचकून मान वर केली.

"दिग्विजय, एवढं ओरडून नऊ-नऊ काय करताय?"