पाटीवरचं आडनाव

रंगारी शिडीवर ब्रश घेऊन ताटकळला होता आणि खाली बाप-लेकीचं काही केल्या जमत नव्हतं. चष्म्याच्या नव्या दुकानावर नाव काय घालायचं? बाबांना आडनाव हवं होतं. लेकीला ते सोडून काहीही चाललं असतं.

तिचंही खोटं नव्हतं म्हणा. त्या आडनावाने गावात नुसता उच्छाद मांडला होता. याच गल्लीतला किल्लीवाला त्या आडनावाचा, दातांचा डॉक्टरही त्याच. मागे कुणाची तरी कवळी किल्लीवाल्याकडे येऊन पडली, तर त्या पठ्ठ्याने ती काउंटरवर मांडून ठेवली, कुणी ओळखून नेईल म्हणून. आता शिडीवरचा रंगारीसुद्धा त्यांच्यातलाच निघाला.

"लोक माझे चष्मे न्यायला दातवाल्याकडे जातील, बाबा," ती म्हणाली.

बाबा सुतार. दुकानातला एकूण एक खण त्यांच्या हातचा, बोटाने ढकलला तरी अलगद आत जाणारा. आई तिला आठवतही नव्हती. वेणी घालण्यापासून कॉलेजात पोचवण्यापर्यंत सगळं या एका माणसाने निभावलं होतं. असा बाप शोधून सापडायचा नाही, हे ती कुणालाही छातीठोकपणे सांगायची.

एकच खूळ होतं त्यांचं. ती लहान असताना दर सुट्टीला तिला खांद्यावर बसवून गावभर हिंडायचे. हा पूल बघ, आपल्या आडनावाचा. ही शाळा आपली, तो दवाखानाही आपलाच. केवढं मोठं गणगोत आहे तुझं! पुलाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, पण ऐट अशी, की खांब यांनीच रोवलेत. एवढा अभिमान, आणि सही करताना मात्र आडनावापाशी हात क्षणभर अडायचा. ती त्यावरून चिडवायची आणि ते हसण्यावारी न्यायचे.

"राहू दे," बाबा शेवटी म्हणाले. "दुकान तुझं. तुला हवं ते लिही." रंगाऱ्यासाठी चहा सांगतो म्हणून ते बाहेर पडले. पाठमोरे एकदम थकल्यासारखे दिसले.

आत स्टुलावर आत्या काचा पुसत बसली होती. बाबांची थोरली बहीण, लग्नाच्या फंदात कधी न पडलेली, जिभेने तिखट.

"एवढं काय ठेवलंय गं त्या आडनावात?" ती आत्याजवळ कुरकुरली. "तुझं बरं आहे. तुझ्या आडनावाचं गावात दुसरं माणूस नाही. ते बाबांपेक्षा वेगळं कसं, हे विचारलं की तू नेहमी उडवून लावतेस."

आत्याने फडकं बाजूला ठेवलं.

"होता की एक," ती म्हणाली. "तुझे आईबाप गेले तेव्हा तू दीड वर्षाची होतीस. सगळे त्याला म्हणाले, पोर सांभाळतोयस, तर तुझं आडनाव लाव तिला. तो म्हणाला, बापाचं तेवढंच उरलंय तिच्याकडे, तेही कसं काढून घेऊ? आणि जाऊन स्वतःचंच बदलून आला."