ताईचा डावा गाल

ताई धाकटीच्या खुर्चीमागं उभी राहिली, स्कार्फ नेहमीसारखा डाव्या गालावर ओढून. मातीला हात न लावता कॉम्प्युटरवर मूर्ती कशी घडवतात, ते एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणून वर्षभर मागं लागली होती. आज न सांगताच तिच्या ऑफिसात आली.

धाकटीनं घाईघाईनं पडद्यावरची चेटकीण बंद केली आणि साधा गोळा उघडला. "हा बघ, हा आपला मातीचा गोळा. हा ब्रश माती चढवतो, हा खरवडतो, हा कड काढतो. नाकाला हा बरा." ती भराभर बोलत होती. ताई कौतुकानं मान हलवत होती. आता हिला चहाला बाहेर काढलं की सुटले, असं धाकटीला वाटलं.

पण शेजारच्या टेबलावर चष्मेवाला होता, आणि त्याला दुसऱ्याचं कौतुक करायची भारी हौस. "अगं, तुझा तो ब्रश दाखव की! हिनं स्वतः बनवलाय बरं का. खऱ्या कातडीचा फोटो घ्यायचा, त्याचा ठसा करायचा, झाला ब्रश. चार महिने आमच्या सिनेमातली सगळी भुतंखेतं त्याच्यावरच पोसतायत."

धाकटी आडवी येईपर्यंत त्यानं पेन उचललंही. चेटकीण उघडली, शेजारी ब्रशची यादी. सुरकुत्या. खवले. आणि 'ताई डावा गाल'. त्यानं चेटकिणीच्या गालावर पेन एकदा फिरवलं आणि भाजल्याच्या वळ्या उमटल्या. एका बाजूला केलेलं दुसऱ्या बाजूला आपोआप व्हावं ही सोय चालूच होती. दोन्ही गाल भाजून निघाले.

धरणीनं पोटात घ्यावं असं धाकटीला झालं. चार महिन्यांपूर्वी तिनंच ताईला खिडकीशी बसवून स्कार्फ काढायला लावला होता. कुणापुढं न काढणारी ताई, पण कातडीचे एक डॉक्टर ओळखीचे आहेत, त्यांना फोटो दाखवते, असं ऐकल्यावर मुकाट्यानं बसली. डॉक्टर वगैरे कुणी नव्हतं. ताई दर आठवड्याला विचारायची, "काय म्हणाले गं?" आणि ही सांगायची, "त्यांच्याकडं मरणाची गर्दी असते."

नीट दिसेना म्हणून ताई वाकली. स्कार्फ हातातून सुटला. चष्मेवाल्यानं पडद्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग जागेवर जाऊन तो उगाचच चष्मा पुसत बसला.

"हुबेहूब आलंय," ताई म्हणाली.

"ताई, मी..."

"घालवायचा ब्रश कुठला?"

धाकटीनं बोटानं दाखवला. ताईनं पेन धरलं आणि मलम लावावं तसं हलक्या हातानं फिरवलं. वळ्या विरत गेल्या. उजवा गालही आपोआप साफ झाला. एवढंसं काम, मिनिटसुद्धा लागलं नाही. ताईचा दुसरा हात स्वतःच्या गालावर होता, तो तिथंच राहिला.

"मी काढून टाकते तो ब्रश. आत्ताच्या आत्ता," धाकटी म्हणाली. मान काही वर होत नव्हती.

"कशाला? सगळ्यांच्या कामाचा आहे. नाव तेवढं बदल."

ताईनं स्कार्फ सावरला, पर्स उचलली. दारापर्यंत गेली आणि वळली. धाकटीकडं बघून नेहमीसारखं हसली. चष्मेवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"आणि त्या डॉक्टरांना म्हणावं, सावकाश बघा. घाई नाही."