बत्तिसावा दाखला

खुमेंद्रने यादीतल्या बत्तिसाव्या नावावर पेन टेकवला, तोच त्याच्या आईने, सुखवंताबाईंनी, त्याचं मनगट धरलं. भाताच्या रोवणीचा चिखल अजून त्यांच्या पायांवर होता.

"कोणाचं नाव खोडून राहिला गा?"

खुमेंद्र गोंदियाच्या एका कॉलेजात गणित शिकवायचा. तेही वाकड्या समीकरणांचं, ज्यांची रेघ कधी सरळ जातच नाही. प्राध्यापकपदाची फाईल दुपारी द्यायची होती. त्याच्या लेखाचा दाखला जगात कोणी कोणी दिला, त्याची ही यादी. बत्तीस दाखले! फुलचूरपासून चिचगडपर्यंत एकही सोयरा सुखवंताबाईंनी हे ऐकवल्याशिवाय सोडला नव्हता.

"हा वैरी आहे, आई. तिसऱ्या पायरीत माझी चूक आहे म्हणते."

"अन् बाकीचे एकतीस?"

खुमेंद्रने सांगून टाकलं. नऊ त्याचे स्वतःचेच होते, पुढच्या लेखांत त्यानेच दिलेले. बावीस दोस्तांचे. ते याचं नाव घालत, हा त्यांचं.

"म्हणजे रोवणीच झाली. आज तू माह्या बांधीत, उद्या मी तुह्या. पर रोवणीत वाकावं तं लागते. ह्यायनं तुहा लेख वाचला का?"

"तसं... वाचायची गरज पडत नाही."

"तू त्यायचे वाचले?"

खुमेंद्रने मोकळ्या हाताने फाईलची दोरी ओढली. मग सोडली.

"धुऱ्यावर कोरड्या पायानं उभं राहून वा गा वा करणारे लय राहतात," चौथी नापास सुखवंताबाई म्हणाल्या. "ओळ वाकडी आहे, हे चिखलात उतरल्याशिवाय दिसत नाही. एकच उतरला, अन् त्यालेच खोडतं?"

"ठेवला तर पद जाईल."

सुखवंताबाईंनी त्याचं मनगट सोडलं.

खुमेंद्रने वैऱ्याचा लेख पहिल्यांदाच पुरता वाचला. चूक खरी होती. त्याने पेन उचलला आणि वरच्या एकतीस नावांवर काट मारली.

पद त्यांच्या सोयऱ्यांतल्याच रामलालच्या पोराला मिळालं. दाखले शंभर.

पुढच्या लग्नसराईत रामलालने भर पंगतीत विचारलं, "काऊन भाभी, आता बत्तिसाचं नाव नाही काढत?"

सुखवंताबाईंनी त्याच्या पानात भात वाढला आणि आवाज चढवला, मांडवाच्या शेवटापर्यंत जाईल असा.

"माह्या पोराचा लेख एका माणसानं वाचला आहे, भाऊजी! तुमच्या पोराचा?"