वळवलेले फोन

उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी यंदा कुणीच का देत नाही, याचं उत्तर प्रमिलाला फोनच्या सेटिंगमध्ये सापडलं. कॉल फॉरवर्डिंग चालू होतं आणि नंबर होता धाकट्या जावेचा, शेजारच्या फ्लॅटमधल्या ज्योत्स्नाचा. ‘द्या वहिनी, नवा फोन सुरू करून देते,’ म्हणत तिनेच तो दिवसभर नेला होता. आता ‘वहिनी थकल्या’ असं सांगून मोदकही तीच विकत होती.

प्रमिलाचा अंगठा ‘बंद’वर टेकता टेकता थांबला.

जुन्या गिऱ्हाइकांना तिने नवऱ्याचा नंबर मेसेजने कळवला. मग सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हणाली, “पाण्याच्या तक्रारींसाठी फलकावर माझा नंबर लावा. तेवढीच सेवा.” सेक्रेटरींनी हात जोडले. शहाण्णव फ्लॅट आणि पाणी एक दिवसाआड.

दोन दिवसांनी ज्योत्स्ना केस न विंचरताच दारात आली.

“वहिनी, तुमच्या फोनचं ते सेटिंग...”

“कसलं गं सेटिंग?” मोदकाच्या कळ्या पाडत प्रमिलाने विचारलं.

ज्योत्स्नाच्या हातातला फोन पुन्हा वाजू लागला.

“घे की,” प्रमिला मायेने म्हणाली. “तीनशे दोनच्या आजी असतील. त्यांना थांबवलेलं चालत नाही.”