तिला काय विचारायचं

"कालच नाही म्हणून सांगून आलोय मी डॉक्टरीणबाईंना," बाप म्हणाला आणि त्यानं कापायच्या काचेवर पट्टी टेकवली. "विषय संपला."

समोरून काच धरून उभा असलेला थोरला चपापला. "धाकटीला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं त्यात?"

धाकटीच्या मानेतली गाठ कॅन्सरची निघाली होती. थोरल्याला काही वर्षांपूर्वी झाला होता, तोच कॅन्सर. देवाला दुसरं घर सापडलं नसावं. थोरला त्यातून खडखडीत बरा झाला, म्हणून धाकटीची कुणाला तशी धास्ती नव्हती. पण काल बाप रिपोर्ट आणायला गेला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. औषधं जहाल आहेत, ती घेतल्यावर पुढं मूल होईलच असं नाही. त्याआधी तिची स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवता येतील. दहा-बारा दिवस पोटात रोज एक सुई आणि मग एक छोटं ऑपरेशन. तेवढे दिवस उपचार थांबले तरी चालेल. मात्र ठरवायचं ते लगेच.

बापानं लगेच ठरवलं. धाकटी तेव्हा कुणाला तरी गाडी शिकवत होती. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नोकरी करते ती. चोवीस वर्षांची बाई, दिवसभर अनोळखी माणसांच्या हातात स्टिअरिंग देऊन शेजारी निवांत बसते. तिला विचारायचं काय?

"लग्नाची मुलगी आहे," बाप सांगू लागला. "उद्या स्थळ आलं तर काय सांगू, हिची बीजं बर्फात ठेवलीत म्हणून? आणि रोज पोटात सुया टोचून घ्यायच्या पोरीनं? आधी जीव वाचू दे. मुलाबाळांचं तिचं ती आणि तिचा नवरा बघतील."

काय बोलावं या माणसाला. थोरल्याच्या वेळी हाच बाप कसा वागला होता, ते ऐकाच. पोरगा एकोणीस वर्षांचा, शरमेनं अर्धा झालेला. औषधं सुरू होण्याआधी त्याचं वीर्य गोठवून ठेवायचं होतं. नमुना घरीच बाटलीत घेतला तरी चालेल, पण तासाभरात पोचवा आणि अंगाच्या उबेत आणा, असं सांगितलं होतं. बापानं ती बाटली बनियनच्या आत छातीशी धरली आणि प्रत्येक सिग्नलला शिव्या घालत गाठली वीर्यबँक. तिथल्या मुलीला म्हणाला, "बाई, सांभाळून. माझा वंश आहे यात." तेव्हापासून अधूनमधून तिकडे फोन करून चौकशी करतो, वसतिगृहात ठेवलेल्या मुलाची करावी तशी. तेव्हा नाही याला स्थळं आठवली, नाही बर्फ आठवला.

थोरल्यानं काचेवरचे हात काढले. खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि बापाला ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"तुमच्याकडे माझा नमुना ठेवलाय," तो म्हणाला. "तो टाकून द्यायचा असेल तर काय करावं लागतं?"

"तुम्हाला स्वतः येऊन सही करावी लागेल," पलीकडची बाई म्हणाली.

"आज किती वाजेपर्यंत येऊ?"

बापाच्या हातातला काच कापायचा हिरा घसरला आणि चांगली सरळ जाणारी रेघ तिरकी झाली. एवढी मोठी काच वाया गेली, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? वंश बुडवायला निघालास?"

"तिचा बुडाला तर चालतो ना तुम्हाला? मग माझाही बुडू दे. आजार तोच, औषधं तीच, आईबापही तेच."

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती दुकानात जेवणाचा डबा घेऊन आली होती आणि दाराशी स्टुलावर बसून कधीची दोघांचं ऐकत होती.

"तू काय मिठाची गुळणी धरून बसलीयेस? सांग की याला काही."

शेवटी बापानंच नांगी टाकली. "बरं, करा काय करायचं ते. माझी परवानगी आहे म्हणून सांगतो बाईंना. पण तो फोन बंद कर आधी."

थोरल्यानं फोन बंद केला. लढाई जिंकल्यासारखा आईकडे बघून हसलासुद्धा. बाप हलला तो बाटलीसाठी, पोरीसाठी नव्हे, हे त्या खुळ्याला कळलंच नाही. आईला कळलं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. धाकटी आईला घ्यायला आली होती. दोघींना दवाखान्यात जायचं होतं. आई उठली, तिनं कालचा रिकामा डबा पिशवीत टाकला.

"तुमची परवानगी मागितली कुणी?" ती नवऱ्याला म्हणाली. "बाईंनी काल संध्याकाळी तिलाच फोन केला. मुलगी सज्ञान आहे, बापाचा नकार मी कसा धरू, म्हणाल्या. ती हो म्हणाली. आम्ही दोघी लगेच जाऊन सुयांचं औषध घेऊन आलो." मग ती थोरल्याकडे वळली. "आणि तू रे? बहिणीसाठी एवढा भांडलास. तुला काय हवंय, असं तिला एकदा तरी विचारलंस?"

थोरला वाया गेलेली काच उचलायला लागला. बापाला काहीतरी बोलणं भागच होतं.

"अगं, पण रोजच्या सुया. त्या कोण टोचणार तिला?"

"तुमचं इन्सुलिन इतकी वर्षं कोण टोचतंय?" आई म्हणाली. "आज सकाळी तुम्हाला टोचलं आणि आत जाऊन तिला टोचलं. तिनं हूं की चूं केलं नाही. कण्हता ते तुम्ही."